अवकाशातला सरकारी व्यापार : अँट्रिक्स ते न्यूस्पेस

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी जीसॅट-एन२ हा ४,७०० किलो वजनाचा भारतीय दळणवळण उपग्रह अमेरिकेतल्या फ्लोरिडाहून अवकाशात गेला. तो नेला स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या फाल्कन-९ प्रक्षेपकाने. उपग्रह बांधला इस्रोने, पण त्याची मालकी न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या भारत सरकारच्या कंपनीची. कागदोपत्री आणि बोलण्यात तिला एनएसआयएल म्हणतात. आपला सर्वांत ताकदवान प्रक्षेपक एलव्हीएम-३ भूस्थिर संक्रमण कक्षेत साधारण चार टन नेतो, हा उपग्रह त्याहून जड होता. म्हणून कंपनीने बाजारातून उड्डाण विकत घेतले.

या बातमीने अनेकांना वाईट वाटले. चंद्रावर उतरणाऱ्या देशाने उड्डाणासाठी दुसऱ्याच्या दारी का जावे, असा प्रश्न विचारला गेला. पण जड उपग्रह परदेशी प्रक्षेपकावरून पाठवणे आपल्याला नवे नाही. इन्सॅट मालिकेतले कितीतरी उपग्रह फ्रेंच गियानातल्या कौरूहून एरियान प्रक्षेपकांवर गेले. नवे होते ते हिशेबाचे गणित. पूर्वी अंतराळ विभाग अर्थसंकल्पातून उपग्रह बांधायचा, उडवायचा आणि मग त्यावरच्या ट्रान्सपाँडरना, म्हणजे संकेत घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रांना, ग्राहक शोधायचा. इथे ग्राहकांची गरज आधी पाहिली गेली, कंपनीने स्वतःच्या ताळेबंदावर खर्च उचलला आणि क्षमतेचा मोठा भाग विकण्याची तजवीज उड्डाणाआधीच झाली. सेकंदाला ४८ गिगाबिट क्षमतेचा हा उपग्रह ३२ झोतांनी देशभर इंटरनेट पोचवण्यासाठी आहे. त्यांतले आठ अरुंद झोत खास ईशान्य भारतासाठी राखलेले आहेत. विमानातल्या इंटरनेटपासून अरुणाचलातल्या गावापर्यंतचे ग्राहक नजरेसमोर ठेवून तो घडवला गेला.

राष्ट्रीय अवकाश कार्यक्रमाचा व्यापार सरकारी कंपनीमार्फत करायचा, हा प्रयोग भारतात तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याने काय मिळवले, कुठे घात झाला आणि आज तो कोणत्या वळणावर उभा आहे, हे एकत्र मांडण्याची वेळ आली आहे. कारण येत्या दशकात या क्षेत्रातले मोठे निर्णय प्रयोगशाळेत होतील तितकेच कंपनीच्या संचालक मंडळात आणि न्यायालयात होणार आहेत.

देवाणघेवाणीतून व्यापाराकडे

अवकाशातला भारतीय व्यवहार सरकारी कंपनीच्याही आधी सुरू झाला होता. १९७४ मध्ये फ्रान्सच्या एसईपी या संस्थेशी करार झाला. त्यांचे व्हायकिंग इंजिन विकसित करण्याच्या कामात भारतीय अभियंते मनुष्यबळ पुरवणार, शिवाय भारत दाबमापक यंत्रे बनवून देणार आणि मोबदल्यात इंजिनाचे तंत्रज्ञान भारताला मिळणार, असा तो करार होता. भारताने सुमारे शंभर मनुष्यवर्षांचे काम दिले. त्यातून उभे राहिलेले विकास इंजिन आजही पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ या तिन्ही प्रक्षेपकांत आहे. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने माणसांचे कौशल्य हेच भांडवल मानून केलेला हा सौदा मला आजही आपल्या अवकाश इतिहासातला सर्वांत शहाणा सौदा वाटतो.

इस्रोचा व्यापार सांभाळणारी पहिली कंपनी, अँट्रिक्स कॉर्पोरेशन, २८ सप्टेंबर १९९२ रोजी नोंदली गेली. मालकी पूर्णपणे सरकारची, अंकुश अंतराळ विभागाचा, मुख्यालय बंगळुरूला. यू. आर. राव तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी मे महिन्यात क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने इस्रोवर आणि रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉसवर दोन वर्षांचे निर्बंध घातले होते. जगाच्या बाजारात ज्या संस्थेला काही विकत घेणेही अवघड करून ठेवले होते, तिने विकण्यासाठी कंपनी काढली. देशात उदारीकरणाचे वारे होते, तिजोरी रिकामी होती आणि इस्रोकडे विकण्याजोग्या दोन गोष्टी निश्चित होत्या : दूरसंवेदन उपग्रहांची छायाचित्रे आणि ट्रान्सपाँडर.

छायाचित्रांच्या बाबतीत सुरुवात चांगली झाली. डिसेंबर १९९५ मध्ये बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१सी उपग्रहाची विभेदनक्षमता ५.८ मीटर होती. १९९९ मध्ये अमेरिकेचा आयकोनॉस येईपर्यंत नागरी वापरासाठी इतकी स्पष्ट छायाचित्रे नियमित पुरवणारे उपग्रह जगात फारसे नव्हते. अमेरिकेच्या इओसॅट कंपनीशी करार होऊन भारतीय छायाचित्रे जगभर विकली जाऊ लागली, ठिकठिकाणची भूकेंद्रे आयआरएसचे संकेत थेट घेऊ लागली. ट्रान्सपाँडरच्या बाजूला इन्सॅट-२ई हा मोठा व्यवहार ठरला : १९९९ मध्ये उडालेल्या या उपग्रहावरचे ११ ट्रान्सपाँडर आंतरराष्ट्रीय संस्था इंटेलसॅटने भाड्याने घेतले.

आघाडी मात्र टिकली नाही. आयकोनॉसनंतर एक मीटर आणि त्याहून बारीक छायाचित्रे खासगी कंपन्या देऊ लागल्या. आपल्याकडे सुरक्षेच्या कारणास्तव नकाशे आणि छायाचित्रांवर इतकी बंधने होती, की भारतीय उपग्रहाने टिपलेले भारतीय भूभागाचे चित्र मिळवण्यापेक्षा परदेशी कंपनीचे चित्र मिळवणे पुष्कळदा सोपे जाई. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी ही बंधने बरीचशी उठवली. तोवर दोन दशके हातची गेली होती. माल उत्तम असूनही धोरणाच्या अडथळ्यांमुळे बाजार गमावल्याचे हे उदाहरण आहे आणि त्याचा दोष कंपनीपेक्षा तिच्यावरच्या सरकारकडे जातो.

परदेशी ग्राहकांसाठी उपग्रह बांधून देण्याचाही प्रयत्न झाला. युरोपातल्या ईएडीएस अ‍ॅस्ट्रियमबरोबर युटेलसॅटसाठी डब्ल्यू२एम आणि ब्रिटनच्या अ‍वांतीसाठी हायलास-१ असे दोन उपग्रह तयार झाले. पहिल्यात डिसेंबर २००८ च्या उड्डाणानंतर लगेचच वीजपुरवठ्याचा बिघाड निघाला. दुसरा २०१० मध्ये गेला आणि नीट चालला. हा धंदा पुढे वाढला नाही.

उपग्रहांची संख्या आणि पैशांचा हिशेब

सर्वसामान्य माणसाला इस्रोचा व्यापार म्हटले की आठवतात ती परदेशी उपग्रहांची प्रक्षेपणे. २६ मे १९९९ रोजी पीएसएलव्हीने ओशनसॅटबरोबर कोरियाचा आणि जर्मनीचा एकेक छोटा उपग्रह नेला. २३ एप्रिल २००७ रोजी इटलीचा ३५२ किलोंचा आजिले हा केवळ व्यापारी तत्त्वावर नेलेला पहिला मुख्य प्रवासी ठरला. पुढच्या जानेवारीत इस्रायलचा टेकसार गेला. जुलै २००९ मध्ये अमेरिकेशी तंत्रज्ञान-सुरक्षा करार झाल्यावर अमेरिकी सुटे भाग असलेल्या उपग्रहांचा मार्ग मोकळा होऊ लागला. २०१५ मध्ये ब्रिटनचे तीन डीएमसी-३ उपग्रह आणि त्याच वर्षी अमेरिकी कंपनी स्पायरचे चार छोटे उपग्रह भारतीय प्रक्षेपकावरून गेले. मग १५ फेब्रुवारी २०१७ ची ती सकाळ : एका उड्डाणात १०४ उपग्रह, त्यांतले १०१ परदेशी.

त्या दिवशी झालेला आनंद रास्तच होता. इतक्या उपग्रहांना एकमेकांवर न आपटता वेगवेगळ्या क्षणी सोडणे ही फार मोठी अभियांत्रिकी कामगिरी आहे. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर वेगळे चित्र दिसते. त्या उड्डाणातला एकूण भार सुमारे १,३७८ किलो होता आणि त्यातले ७१४ किलो एकट्या आपल्या कार्टोसॅटचे. उरलेल्या १०३ उपग्रहांचे वजन मिळून त्याहून कमी. अमेरिकी कंपनी प्लॅनेट लॅब्जचे ८८ डव्ह उपग्रह प्रत्येकी पाच किलोंपेक्षाही हलके होते. प्रक्षेपणाचे भाडे प्रामुख्याने वजनावर ठरते. डोकी मोजून मिळकत कळत नाही.

संसदेत मार्च २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०२४ या दहा वर्षांत व्यापारी तत्त्वावर ३९३ परदेशी उपग्रह सोडले गेले आणि त्यातून सुमारे १४.३ कोटी डॉलर आणि २७.२ कोटी युरो मिळाले. रुपयांत ही रक्कम साडेतीन हजार कोटींच्या आसपास जाते. म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीनशे कोटी. अंतराळ विभागाची २०२५-२६ या एका वर्षाची तरतूद १३,४१६ कोटींची होती. या साडेतीन हजार कोटींमध्येही वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीच्या दोन उड्डाणांचा वाटा हजार कोटींहून अधिक आहे. रशियाने युक्रेन युद्धानंतर आपल्या सोयूझ प्रक्षेपकाची दारे बंद केली, तेव्हा अडचणीत आलेल्या वनवेबने एनएसआयएलशी करार केला. एलव्हीएम-३ ने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये ३६-३६ उपग्रह नेले. या ७२ उपग्रहांनी इतके दिले, तर उरलेल्या सव्वातीनशेंनी किती दिले असेल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

हे आकडे मी इस्रोला कमी लेखण्यासाठी देत नाही. फाल्कन-९ च्या एका उड्डाणाची जाहीर किंमत सुमारे ७ कोटी डॉलर आहे. म्हणजे आपली दहा वर्षांची परदेशी प्रक्षेपण-कमाई त्यांच्या साधारण सहासात उड्डाणांएवढी. फाल्कन प्रक्षेपकांनी २०२४ मध्ये १३० हून अधिक उड्डाणे केली, इस्रोने पाच. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या पहिल्या ट्रान्सपोर्टर उड्डाणाने एका वेळी १४३ उपग्रह नेऊन १०४ चा विक्रम मोडला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे छोट्या उपग्रहांसाठी ठरलेल्या तारखेची, ठरलेल्या दराची नियमित सेवा त्या कंपनीने सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीनेही आपले तीन उपग्रह अशाच उड्डाणातून पाठवले. भारतीय उद्योजकाने परदेशी प्रक्षेपक निवडला, यात देशभक्तीचा प्रश्न आणण्याचे कारण नाही. ग्राहकाला स्वस्ताईइतकीच तारखेची खात्री लागते आणि वर्षातून दोनतीन पीएसएलव्ही बांधणारी व्यवस्था ती देऊ शकत नाही.

त्यातच पीएसएलव्हीवरचा विश्वास डळमळला आहे. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने अपयशी ठरले आणि जानेवारी २०२६ मध्ये पीएसएलव्ही-सी६२ देखील त्याच टप्प्यावर मार्ग चुकले. दुसऱ्या उड्डाणात एनएसआयएलच्या ग्राहकांचे अनेक छोटे उपग्रह होते. महाविद्यालयांतल्या मुलांनी आणि नवख्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे राबून केलेले उपग्रह त्यांत गेले. पहिल्या अपयशाची कारणमीमांसा सविस्तर प्रसिद्ध व्हायला हवी होती. पैसे देऊन जागा घेणाऱ्याला धोका किती आहे हे समजण्याचा अधिकार आहे. विमा उतरवणाऱ्यालाही तो आकडा लागतो. संशोधन संस्था अपयश आतल्या आत अभ्यासू शकते, व्यापारी सेवेला ती मोकळीक नाही.

देवासचा धडा

अँट्रिक्सच्या इतिहासातले सर्वांत महागडे पान २८ जानेवारी २००५ चे आहे. त्या दिवशी अँट्रिक्सने देवास मल्टिमीडियाशी करार केला. देवास ही कंपनी जेमतेम दीड महिन्यापूर्वी, डिसेंबर २००४ मध्ये नोंदली गेली होती. जीसॅट-६ आणि जीसॅट-६ए हे दोन उपग्रह इस्रो बांधणार आणि त्यांच्या ट्रान्सपाँडरपैकी ९० टक्के क्षमता, सोबत एस-बँडमधल्या ७० मेगाहर्ट्झ लहरी, देवासला १२ वर्षे भाड्याने मिळणार. त्यावरून मोबाइलपर्यंत दृक्‌श्राव्य सेवा पोचवण्याची योजना होती.

एस-बँड ही साधी मालमत्ता नाही. ती लष्कराला आणि दुर्गम भागातल्या आपत्कालीन संपर्काला लागते. पण उपग्रहांना मंजुरी घेताना अंतराळ आयोगापुढे आणि मंत्रिमंडळापुढे आलेल्या टिपणांत देवासबरोबरच्या कराराचा उल्लेखच नव्हता, हे नंतरच्या चौकशीत आणि महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालात पुढे आले. निविदाही निघाली नव्हती. २-जी घोटाळ्याच्या गदारोळात हे प्रकरण बाहेर आले आणि १७ फेब्रुवारी २०११ रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने करार रद्द करण्याचा निर्णय घेतला.

त्यानंतर सुरू झालेली न्यायालयीन लढाई तीन खंडांत पसरली. सप्टेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सला ५६.२५ कोटी डॉलर आणि व्याज भरायला सांगितले. देवासमधल्या मॉरिशसच्या आणि जर्मनीच्या गुंतवणूकदारांनी भारत सरकारविरुद्ध वेगळे दावे लावले. इकडे मे २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने देवास गुंडाळण्याचा आदेश दिला. देवासची स्थापनाच फसवणुकीच्या हेतूने झाली, असे म्हणत १७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लवादाचा निवाडा रद्द केला. तरीही परदेशात प्रकरण मिटले नाही. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने व्याजासह सुमारे १.२९ अब्ज डॉलरचा हुकूमनामा दिला होता. वरच्या न्यायालयात तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अडला, पण ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा अँट्रिक्सच्या विरोधात सोडवला आणि खटला पुन्हा खाली पाठवला.

या सगळ्यात व्यक्तींच्या दोषावर फार लिहिले गेले. मला रचनेचा दोष मोठा वाटतो. त्या काळात इस्रोचे अध्यक्ष, अंतराळ विभागाचे सचिव, अंतराळ आयोगाचे अध्यक्ष आणि अँट्रिक्सचे अध्यक्ष या चारही खुर्च्या एकाच माणसाकडे होत्या. माल बनवणारा, विकणारा, परवानगी देणारा आणि त्यावर देखरेख ठेवणारा एकच असेल तर प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. अँट्रिक्सकडे स्वतःचे कारखाने नव्हते, उपग्रह नव्हते, स्वतंत्र अभियंते फारसे नव्हते. विक्रीचा कागद तिचा आणि बाकी सारे इस्रोचे. २००८ मध्ये मिनीरत्न दर्जा मिळाला तरी ही घडण बदलली नाही. डीटीएच कंपन्यांना परदेशी उपग्रहावरची क्षमता घ्यायची तरी ती बहुतांशी अँट्रिक्समार्फतच घ्यावी लागे. ही मध्यस्थी कंपनीला उत्पन्न देत होती, पण त्यासाठी तिला काही नवे उभारावे लागत नव्हते. अशा सुरक्षित उत्पन्नाची सवय लागलेली संस्था बाजारातल्या चलाख समोरच्यापुढे कच्ची ठरते. उपग्रहांचा विषय खोलवर जाणणाऱ्यांना कराराचा मसुदा, हमीची कलमे आणि लवादाची जागा यांत कुठे काय दडलेले असते, हे कळेलच असे नाही. तो वेगळ्या माणसांचा वेगळा हुन्नर आहे आणि तो विकत घ्यायला हवा होता.

न्यूस्पेस : नवी कंपनी, जुने प्रश्न

६ मार्च २०१९ रोजी एनएसआयएल स्थापन झाली आणि त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पीय भाषणात तिची घोषणा झाली. जुनी कंपनी कज्ज्यांत अडकलेली असताना नवी कोरी कंपनी काढणे हा व्यवहारी मार्ग होता. पण तिला दिलेले काम पाहिले तर फरक निव्वळ पाटीचा नाही. २०२० च्या सुधारणांनंतर मागणी पाहून उपग्रह बांधणे, ते स्वतःच्या मालकीचे ठेवणे, प्रक्षेपकांची बांधणी उद्योगांकडे सोपवणे आणि इस्रोचे तंत्रज्ञान हस्तांतरित करणे ही कामे तिच्याकडे आली. जून २०२२ मध्ये सरकारने कक्षेत फिरणारे दहा दळणवळण उपग्रह तिच्या नावावर करायला मंजुरी दिली आणि तिचे अधिकृत भागभांडवल १,००० कोटींवरून ७,५०० कोटींवर नेले. त्याच महिन्यात जीसॅट-२४ कौरूहून गेला. त्याची सगळी क्षमता टाटा प्लेला भाड्याने दिलेली होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या गच्चीवरच्या डिश आज एनएसआयएलच्या उपग्रहांकडे तोंड करून आहेत आणि दर महिन्याच्या रिचार्जमधला एक अंश या सरकारी कंपनीकडे जातो. प्रक्षेपणाच्या बातम्यांपेक्षा ही संथ, नियमित मिळकत कंपनीचा खरा आधार आहे.

या आधारालाही धक्का बसणार आहे. प्रेक्षक डिशकडून मोबाइलकडे वळत आहेत आणि पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर फिरणारे हजारो उपग्रह इंटरनेट देऊ लागले आहेत. स्पेसएक्सच्या अशाच स्टारलिंक सेवेला २०२५ मध्ये भारतात परवाने मिळाले. ३६,००० किलोमीटरवरच्या मोजक्या उपग्रहांचे भाडे हा जुना पाया किती वर्षे पुरेल, याचे उत्तर कंपनीने आत्ताच शोधायला हवे.

प्रक्षेपकांच्या बाबतीत सर्वांत आशादायी काम मात्र कारखान्यांत चालले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला पाच पीएसएलव्ही संपूर्ण बांधून देण्याचे सुमारे ८६० कोटींचे कंत्राट मिळाले. जून २०२५ मध्ये छोट्या एसएसएलव्हीचे तंत्रज्ञान घेण्याची बोली ५११ कोटींना हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जिंकली. महाराष्ट्राला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने घडतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात १९७० च्या दशकापासून प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचे वळली जातात. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या गावाने अवकाश प्रक्षेपकाच्या पोलादी नळ्यांना हवी ती अचूकता दिली, ही इथल्या कारागिरांची मोठी मिळकत आहे. पण आजवर हे कारखाने इस्रोने दिलेल्या आराखड्याप्रमाणे सुटे भाग करत आले. इस्रोची मागणी वर्षाला दोन, तर भागही दोनचेच. नवे यंत्र घेण्याइतका, माणसे टिकवण्याइतका धंदा त्यात नसतो. संपूर्ण प्रक्षेपकाची जबाबदारी उद्योगाकडे गेली आणि एनएसआयएलने पुढच्या दहा वर्षांची खरेदी आधी जाहीर केली, तरच विक्रोळीतला किंवा वालचंदनगरातला व्यवस्थापक नव्या पिढीच्या वेल्डरला नोकरी देईल.

२०२५ च्या अखेरीस एलव्हीएम-३ ने दोन महिन्यांच्या आत दोन उड्डाणे केली. दुसऱ्या उड्डाणात अमेरिकेच्या एएसटी स्पेसमोबाइलचा सुमारे ६,१०० किलोंचा ब्लूबर्ड उपग्रह खालच्या कक्षेत गेला. श्रीहरिकोट्याहून उडालेला हा आजवरचा सर्वांत जड उपग्रह. असे ग्राहक मिळतात याचा अर्थ जगात प्रक्षेपकांचा तुटवडा आहे आणि एलव्हीएम-३ वर लोकांचा विश्वास आहे. वर्षाला सहा किंवा आठ एलव्हीएम-३ बांधता आले, तर वनवेबसारखे व्यवहार अपवाद राहणार नाहीत.

पंच आणि खेळाडू

२०२० मध्ये घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये अहमदाबादेत कार्यालय थाटलेल्या इन-स्पेस या संस्थेकडे परवाने आणि प्रोत्साहन यांचे काम आले. एप्रिल २०२३ च्या अवकाश धोरणाने वाटणी लेखी केली : इस्रो संशोधन करील, एनएसआयएल व्यापार करील, इन-स्पेस नियमन करील, खासगी कंपन्या प्रक्षेपकापासून उपग्रहापर्यंत काहीही करू शकतील. २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले : उपग्रह बांधणीत ७४ टक्क्यांपर्यंत, प्रक्षेपकांत ४९ टक्क्यांपर्यंत, सुट्या भागांत १०० टक्के थेट मार्गाने. स्कायरूट या खासगी प्रक्षेपक कंपनीने २०२२ मध्ये आणि अग्निकुलने २०२४ मध्ये प्रायोगिक उड्डाणे केली. देवासच्या वेळी चार टोप्या एका डोक्यावर होत्या, त्या निदान कागदावर वेगळ्या झाल्या.

पण इस्रो, एनएसआयएल आणि इन-स्पेस या तिन्ही संस्था आजही एकाच अंतराळ विभागाखाली आहेत. स्कायरूटला इस्रोचे चाचणी-केंद्र वापरायचे असते, तिथे एनएसआयएलच्या उड्डाणाचीही तयारी चाललेली असते. एकाच ग्राहकासाठी दोघांनी दर भरले तर श्रीहरिकोट्याची तारीख आधी कोणाला, हे ठरवणारा विभाग एका स्पर्धकाचा मालक आहे. शिवाय एनएसआयएल इस्रोला प्रक्षेपकाची आणि तळाची पूर्ण किंमत देते का, की त्यातला भार अर्थसंकल्प सोसतो? सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सोयी कंपनीला कोणत्या दराने मिळतात आणि खासगी कंपनीला कोणत्या, हे दरपत्रक उघड असले पाहिजे. अनुदान द्यायचे असेल तर जरूर द्यावे. युरोपने एरियानला दिलेच. पण ते मोजून, नाव घेऊन द्यावे. म्हणजे संसदेत त्यावर बोलता येईल.

व्यापाराच्या ओघात आणखी एक गोष्ट हातची जाऊ देता कामा नये. पाच मीटर आणि त्याहून ढोबळ विभेदनाची छायाचित्रे सर्वांना मोफत मिळतील, असे २०२३ चे धोरण सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मच्छीमारांना मिळणारी माशांच्या संभाव्य जागांची सूचना किंवा नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात चालणारी पिकांची आणि पाणलोटांची कामे यांच्याकडे ग्राहक म्हणून पाहून चालणार नाही. विक्रम साराभाईंनी थुंब्यात सुरुवात केली तेव्हा अवकाशविज्ञान गरीब देशाच्या रोजच्या गरजांना उपयोगी पडेल, हेच त्या खर्चाचे समर्थन होते. कंपनीने नफा जरूर कमवावा. ही सेवा नफ्याच्या रकान्यात कधी जाऊ नये.

आणि आता एक काम तातडीचे आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार भारतीय भूमीवरून उडालेल्या कोणत्याही वस्तूने दुसऱ्या देशाचे नुकसान केले, तर भरपाई भारत सरकारने द्यायची असते. मग प्रक्षेपक इस्रोचा असो, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा असो की हैदराबादच्या एखाद्या नव्या कंपनीचा. ती भरपाई सरकारने कंपनीकडून किती वसूल करायची, विम्याची मर्यादा काय, कंपनी दिवाळखोरीत गेली तर कक्षेत उरलेल्या उपग्रहाची जबाबदारी कोणाची, हे ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता. सध्या सारा कारभार धोरण आणि मार्गदर्शक तत्त्वांवर चालतो. ती मंत्रालय बदलले की बदलू शकतात आणि न्यायालयात त्यांचे वजन कमी. उद्योगांनी बांधलेले पीएसएलव्ही नियमितपणे उडू लागण्याआधी हा कायदा संसदेसमोर यायला हवा. त्यात इन-स्पेसला अंतराळ विभागाबाहेरचा, स्वतःच्या अधिकाराचा नियामक केले पाहिजे आणि एनएसआयएलचे दर, तिला मिळणारी सवलत आणि प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध करणे तिच्यावर बंधनकारक असले पाहिजे.